रात्रपाळीत हे मशीन कोण चालवेल? उपकरण-प्रशिक्षणाची नोंद आणि तपासणी, पायरी-पायरीने

आमच्या रुग्णालयात सिरिंज पंप (सिरिंजमधलं औषध ठरवलेल्या वेगाने देणारी मशीनं) आले तेव्हा कंपनीचा माणूस नागपूरहून आला होता. ओपीडीची गर्दी ओसरल्यावर त्याने मीटिंग हॉलमध्ये पाऊण तास डेमो दिला, चहा-समोसे झाले, कागदावर सतरा सह्या झाल्या आणि तो कागद ‘प्रशिक्षण’ नावाच्या फायलीत गेला. दोन महिन्यांनी एका रात्री अडीच वाजता पंप वाजायला लागला. ड्यूटीवरच्या सिस्टरने अलार्म बंद केला, तो पुन्हा वाजला, पुन्हा बंद केला. शेवटी तिने पंपच काढून ठेवला, साधा ड्रिप सेट लावला आणि थेंब मोजत सकाळ केली. नळीचा क्लॅम्प बंद राहिला होता, एवढंच. पेशंटला काही झालं नाही. सकाळी फाईल काढून पाहिली तर सतरा सह्यांत तिचीही सही होती. डेमोच्या दिवशी मात्र ती नाईट ऑफ घेऊन गावाला गेलेली. ‘एक सही राहिलीये, करून टाक’ म्हणत ती नंतर कुणीतरी घेतली होती. ते कुणीतरी म्हणजे मीच.

तेव्हापासून मी प्रशिक्षणाच्या कुठल्याही नोंदीला एकच प्रश्न विचारते. आज रात्री, या वॉर्डात, या मॉडेलच्या मशीनपाशी कुणाला एकटं सोडता येईल? उत्तर देता येत नसेल तर ती नोंद हजेरीपट आहे. हजेरीपटही लागतो, पण चहाचं बिल मंजूर करून घेण्यापुरता.

पुढे सांगितलेली पद्धत तीस ते शंभर खाटांच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाला जमण्यासारखी आहे. बायोमेडिकल इंजिनियर जिल्ह्याला बसतो, फोन केला तर चार दिवसांनी येतो, आणि कागदपत्रं करणारी वेगळी माणसं नसतात, हे गृहीत धरूनच ती बेतली आहे.

आधी वही घेऊन वॉर्डात फिरा

स्टोअरच्या डेडस्टॉक रजिस्टरवरून यादी करू नका. त्यात दहा वर्षांपूर्वी मेलेली मशीनं जिवंत असतात, आणि देणगीत आलेली जिवंत मशीनं कुठेच नसतात. कोविडच्या काळात मिळालेले ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर तर आमच्याकडे तीन वेगवेगळ्या खोल्यांत सापडले. प्रत्येक खोलीत जा आणि मशीनचं नाव, कंपनी, मॉडेल, सीरियल नंबर, ठिकाण आणि चालू की बंद, एवढं टिपून घ्या.

यात मॉडेल सगळ्यात महत्त्वाचं. नवजात बाळाला ऊब देणाऱ्या मशीनची नोंद ‘रेडियंट वॉर्मर, नग ३’ अशी केली की काम बिघडलंच म्हणून समजा. आमच्या तीन वॉर्मरपैकी दोन एका कंपनीचे आणि एक दुसऱ्या कंपनीचा. एकावर मोड बदलायचं बटण उजवीकडे आहे, दुसऱ्यावर तेच बटण तीन सेकंद दाबून धरावं लागतं. एक येणारीला दुसरा येईलच असं नाही. म्हणून तक्त्यात त्यांच्या दोन वेगळ्या ओळी.

यादी साठ-सत्तर वस्तूंची होईल. सगळ्यांची सारखी तपासणी करायला गेलात तर एकाचीही होणार नाही, म्हणून तीन रंग करा. चूक झाली तर मिनिटांत जीव जाऊ शकतो ती मशीनं लाल: डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा शॉक देणारं), अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी), वॉर्मर, सिरिंज आणि इन्फ्युजन पंप, सक्शन, बॉइल्स (भूल द्यायचं मशीन), ऑक्सिजनची सगळी जुळवाजुळव. चुकीचा आकडा दाखवून उपचार चुकवू शकतील किंवा हळूहळू नुकसान करतील ती पिवळी: मल्टिपॅरा मॉनिटर, ईसीजी, फोटोथेरपी, ग्लुकोमीटर, ऑटोक्लेव्ह, बीपीचं यंत्र. बाकी हिरवी. वजनकाटा मी आधी हिरव्यात टाकला होता. बाळांच्या औषधाचे डोस वजनावर ठरतात हे नंतर लक्षात आलं आणि तो पिवळ्यात नेला. तुमचे रंग तुम्हीच ठरवा, फक्त डॉक्टर आणि इन्चार्ज सिस्टर एकत्र बसून ठरवा आणि खाली दोघांची सही घ्या.

दोन मशीनं या पद्धतीच्या बाहेर ठेवा. सोनोग्राफी कुणी करायची हे १९९४ च्या पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्याखालच्या नोंदणीवरून ठरतं, तिथे कुणाचा हात किती बसला आहे याला अर्थ नाही. एक्स-रेलाही अणुऊर्जा नियामक मंडळाच्या अटी आहेत. आपल्या तक्त्यात नाव आलं म्हणजे परवानगी मिळाली असं कुणाला वाटू देऊ नका.

माणसांची यादी

पगारपत्रकावरून नावं घेतलीत तर निम्मी माणसं सुटतील. कंत्राटी सिस्टर, बंधपत्रित डॉक्टर, प्रतिनियुक्तीवर आलेली एएनएम, कक्षसेवक, सफाईच्या मावशी आणि १०२ गाडीचा ड्रायव्हर, हे सगळे धरा. मशीनशी प्रत्येकाचा संबंध वेगळा असतो. कुणी चालवतं, कुणी लक्ष ठेवतं, कुणी पुसतं-धुतं, कुणी नुसतं ढकलत नेतं. प्रत्येकाकडून अपेक्षाही तेवढीच ठेवायची.

अंबू बॅगचं पाहा. बॅग वापरते सिस्टर, पण धुऊन पुन्हा जोडते बहुतेक वेळा मावशी. झडप उलटी बसली तर बॅग दाबूनही बाळाच्या छातीत हवा जात नाही, आणि हे कळतं नेमकं बाळ न रडलेल्या त्या पहिल्या मिनिटात. आमच्याकडच्या मावशींना मी एकदा तळहातावर मास्क घट्ट दाबून बॅग दाबायला सांगितली. त्यांनी दोनदा दाबली, मग स्वतःच म्हणाल्या, "मॅडम, हे तं उलटं बसून राह्यलं." त्यांच्या नावापुढे अंबू बॅगच्या रकान्यात ‘जोडणी व चाचणी – एकटी’ असं लिहिलेलं आहे. त्या कधी बॅग चालवणार नाहीत, पण त्यांनी जोडलेल्या बॅगवर मला विश्वास आहे.

शिक्षण कमी म्हणून यादीतून कुणाला गाळायचा मोह झाला तर गडचिरोली आठवा. ‘सर्च’ या संस्थेने तिथल्या खेड्यांतल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं, अगदी श्वास देण्यापर्यंत. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले आणि जगभर वाचले गेले.

तक्ता: एका बाजूला माणसं, एका बाजूला मशीनं

कार्डशीटवर उभी-आडवी चौकट आखा. डावीकडे नावं, वर मॉडेल. प्रत्येक वॉर्डाचा तक्ता वेगळा. ज्याचा ज्या मशीनशी संबंध नाही तो चौकोन आडवी रेघ मारून बंद करा, म्हणजे रिकामा चौकोन याचा अर्थ ‘अजून व्हायचं आहे’ एवढाच उरेल.

उरलेल्या चौकोनांत चार अवस्था पुरतात. ‘पा’ म्हणजे पाहिलं किंवा ऐकलं. ‘दे’ म्हणजे देखरेखीखाली चालवता येतं. ‘ए’ म्हणजे एकटी किंवा एकटा. ‘शि’ म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. अक्षराखाली तपासणीचा महिना आणि वर्ष. कंपनीच्या डेमोला बसलेल्या प्रत्येकाला ‘पा’ मिळतो, त्याहून जास्त काही नाही. ‘पा’वरून ‘ए’वर जायला मशीनसमोर करून दाखवावं लागतं.

माहीत असणं, कसं करायचं हे माहीत असणं, करून दाखवणं आणि रोज तसंच करणं, या चार वेगळ्या गोष्टी आहेत हे जॉर्ज मिलर नावाच्या वैद्यकीय शिक्षकाने १९९० मध्ये मांडलं. आपल्या फायली बहुतेक वेळा पहिल्या पायरीवरच थांबतात. तपासणीने तिसरी पायरी कळते. चौथी कळायला अधूनमधून रात्री नऊनंतर वॉर्डात चक्कर मारावी लागते.

तक्ता नर्सिंग स्टेशनच्या आतल्या भिंतीवर लावा, पेशंटच्या नातेवाइकांसमोर नको. आमच्याकडे पहिल्यांदा तो बाहेर लागला होता. दुसऱ्याच दिवशी एका आजोबांनी विचारलं, "या सिस्टरपुढं चौकोन रिकामा काहून हाय?"

शिकवायचं कसं, थोडक्यात

मोठी शिबिरं घेऊ नका. आठवड्याला एक मशीन घ्या, वीस मिनिटं, दुपारची ड्यूटी बदलताना, मशीनच्या शेजारी उभं राहून. त्या वेळी दोन शिफ्टची माणसं हाताशी असतात. नाईटवाल्यांसाठी तेच सत्र रात्री साडेनऊला पुन्हा घ्यावं लागतं, त्याला पर्याय मला तरी सापडलेला नाही. कंपनीचा माणूस आला की त्याचा डेमो परवानगी घेऊन मोबाईलवर टिपून घ्या आणि त्यावरून एक पानभर मराठी कार्ड करा: चालू कसं करायचं, तीन मुख्य अलार्म कोणते, लाईन गेली तर काय, बंद करून ठेवायचं कसं. कार्ड लॅमिनेट करून मशीनलाच दोऱ्याने बांधा. इंग्रजी मॅन्युअल कपाटात कुलपात असेल तर ते नसल्यासारखंच.

सत्राची नोंद सहा गोष्टींची: तारीख व वेळ, मशीनचं मॉडेल, कुणी शिकवलं, नेमकं काय शिकवलं (‘माहिती दिली’ असं नाही, तर ‘प्रोब लावणे, मोड बदलणे, प्रोब सुटल्याचा अलार्म’ असं), कोण हजर होतं, आणि कोण नव्हतं. हा सहावा रकाना कुणी ठेवत नाही. मला तोच सगळ्यात उपयोगी पडतो, कारण पुढच्या आठवड्याची यादी त्यातूनच होते.

तपासणी

इथे वेळ द्या. बाकी सगळं याच्यासाठीच आहे.

प्रत्येक लाल मशीनची आठ ते बारा पायऱ्यांची चेकलिस्ट करा. पायरी अशी लिहा की ती डोळ्यांनी दिसली पाहिजे. ‘वॉर्मरची माहिती आहे’ हे दिसत नाही. ‘प्रोब पोटावर उजव्या बाजूला, बरगडीखाली चिकटवला’ हे दिसतं (प्रोब म्हणजे बाळाच्या कातडीचं तापमान मोजणारी वायर). आमची वॉर्मरची चेकलिस्ट अशी आहे:

१. प्लग थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये आहे का पाहिलं. एक्स्टेंशन बोर्ड किंवा कूलरसोबत नाही.
२. बाळ येण्याआधी मॅन्युअल मोडवर गादी गरम केली.
३. बाजूच्या काचा वर करून लॉक केल्या. ★
४. बाळ उताणं, प्रोब उजव्या बरगडीखाली, उघड्या कातडीवर, वर चकचकीत पट्टी. ★
५. स्किन मोडवर (प्रोबच्या आकड्यावरून मशीन स्वतः ऊब कमी-जास्त करतं) नेलं. बाळ मॅन्युअलवर सोडलं नाही. ★
६. तापमान ३६.५ अंशांवर सेट केलं.
७. अर्ध्या तासाने काखेत थर्मामीटर लावून मशीनच्या आकड्याशी ताडून पाहिलं.
८. तपासणाऱ्याने प्रोब सोडवल्यावर अलार्म ऐकून आधी बाळाकडे पाहिलं, मग बटणाकडे. ★
९. लाईन गेल्यावर काय करणार ते करून दाखवलं: कोरडं गुंडाळणं, टोपी, आईच्या छातीशी.

पहिली पायरी बाहेरच्या माणसाला विनोदी वाटेल. विदर्भातल्या मे महिन्यात वॉर्डातला प्रत्येक सॉकेट कूलरला हवा असतो, आणि मी स्वतः वॉर्मरचा प्लग काढून लावलेला कूलर पाहिला आहे.

ताऱ्याच्या पायऱ्यांत कुठलीही तडजोड नाही. यातली एक जरी चुकली तरी निकाल ‘पुन्हा’, बाकी सगळं बरोबर असलं तरी. म्हणूनच मी टक्केवारी ठेवत नाही. नऊपैकी आठ म्हणजे ८९ टक्के, कागदावर झकास दिसतं. चुकलेली एक पायरी प्रोबची असेल तर? प्रोब सुटून लटकला की तो खोलीतली हवा मोजतो, बाळ गार आहे असं समजून मशीन तापत राहतं आणि बाळ भाजतं. बाळाच्या अंगाखाली दबला तर उलट होतं: आकडा छान दिसतो आणि बाळ गारठतं.

तपासणाऱ्याने तोंड बंद ठेवायचं. सगळ्यात अवघड हेच. समोरची अडखळली की आपला हात आपोआप बटणाकडे जातो, भुवया वर होतात, ‘हं… तिकडचं’ असं निघून जातं. मी हातात कागदाचं पॅड धरते, म्हणजे हात अडकलेले राहतात. मदत करावीच लागली तर त्या पायरीपुढे ‘म’ लिहा. ‘म’ असलेल्या पायरीला बरोबर धरू नका.

चालू मशीन चालवून दाखवणं ही अर्धीच तपासणी. मशीन बिघडल्यावर माणूस काय करतो यावर उरलेली अर्धी. पंपाच्या तपासणीत मी हळूच क्लॅम्प बंद करते आणि अलार्मची वाट बघते. त्या रात्रीनंतर ही पायरी मी कधी चुकवलेली नाही. डिफिब्रिलेटरच्या वेळी ‘सिंक’ (हृदयाच्या ठोक्याशी जुळवूनच शॉक सोडायची सोय) आधीच चालू करून ठेवते. व्हीएफमध्ये, म्हणजे हृदय नुसतं थरथरत असताना, सिंक चालू असेल तर बटण दाबूनही शॉक सुटत नाही, आणि माणसं मशीन खराब समजून दुसरं आणायला पळतात. कॉन्सन्ट्रेटर भिंतीला चिकटवून ठेवते आणि बघते कुणी तो ओढून बाहेर काढतं का. उन्हाळ्यात त्याला मोकळी हवा मिळाली नाही तर तो तापतो. जिनिंगच्या मोसमात त्याच्या फिल्टरवर कापसाचा थर बसतो, तोही काढून दाखवायला सांगते. हे सगळं खऱ्या पेशंटवर करायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. वॉर्मरसाठी बाहुली पुरते, पंपासाठी सलाईन आणि बादली.

आकड्यांचे दोन प्रश्न प्रत्येकाला, डॉक्टरांनाही. पहिला पंपाचा. ५० मिली चार तासांत द्यायचं, ताशी किती? उत्तर १२.५. मग तो आकडा पंपावर टाकायला सांगा आणि पडद्याकडे नीट बघा. बिंदू राहिला तर १२५ होतात आणि चार तासांचं औषध २४ मिनिटांत जातं. सोबत सिरिंजचा आकार आणि कंपनी पंपावर बरोबर निवडली आहे का, तेही पाहा.

दुसरा प्रश्न ऑक्सिजनचा, आणि तो ड्रायव्हरलाही विचारा. बी टाईप सिलिंडर पूर्ण भरला तर साधारण १५०० लिटर. पेशंटला मिनिटाला ५ लिटर चालू असेल तर ३०० मिनिटं, म्हणजे पाच तास. रेग्युलेटरचा काटा निम्म्यावर असेल तर अडीच. आता धारणीहून परतवाड्यामार्गे अमरावतीला पेशंट न्यायचा आहे, घाटाचा रस्ता, चार तास तरी धरावे लागतात. निम्मा सिलिंडर पुरेल का? हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला तेव्हा खोलीत जी शांतता पसरली तीच माझी त्या महिन्याची प्रशिक्षणाची गरज होती. आता आमच्या गाडीत काट्याचं रीडिंग, फ्लो आणि किती मिनिटं असा छोटा तक्ता चिकटवलेला आहे. तपासणीत तो वाचून दाखवायचा, चावी आणि वॉशर हाताशी आहेत ते दाखवायचं, आणि सिलिंडर बदलून दाखवायचा.

लाल यादीत आणखी दोन गोष्टी आम्ही नंतर घातल्या: वॉर्डाचा ऑक्सिजन बंद करायचा व्हॉल्व्ह आणि आग विझवायचं यंत्र. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात आग लागून १० बाळं गेली. ती बातमी आली त्या दिवशी आमच्या लेबर रूमच्या प्रत्येक सिस्टरने मला विचारलं, आपला व्हॉल्व्ह कुठे आहे. त्याची कुणाची तपासणीच झाली नव्हती. आता प्रत्येकाला जागेवर नेऊन, डोळे मिटून त्याच्यावर हात ठेवायला लावतो. धुरात डोळ्यांचा उपयोग नसतो.

तपासणारा कोण, आणि ‘पुन्हा’ कसं सांगायचं

सगळ्यात मोठी भानगड माणसांची असते, मशीनची नाही. वीस वर्षं सर्व्हिस झालेल्या सिस्टरला नवीन मुलीने तपासलं तर दोघींचाही दिवस खराब. आमच्याकडच्या सीनियर सिस्टर मला म्हणाल्या, "काय मॅडम, आता या वयात मला वॉर्मर शिकवता?" मी म्हटलं, "शिकवत नाही सिस्टर, तुमच्याकडून बघून घेते. आणि नंतर तुम्ही माझं बघा, कुठे चुकते ते लिहा." त्यांनी माझं खरंच बघितलं. थर्मामीटरची पायरी मी विसरले होते. माझ्या नावापुढे ‘पुन्हा’ लागलं आणि तक्त्यावर आठवडाभर तसंच राहिलं. त्यानंतर तपासणीला कुणी नाही म्हटलं नाही.

म्हणून सुरुवात वरून करा. वैद्यकीय अधीक्षक, मग डॉक्टर, मग इन्चार्ज, मग बाकी. प्रत्येक मशीनला एक-दोन ‘शि’ तयार करा आणि त्यांची तपासणी शक्य असेल तेव्हा जिल्ह्याच्या बायोमेडिकल इंजिनियरकडून किंवा कंपनीच्या माणसाकडून करून घ्या. स्वतःची तपासणी स्वतः कुणी करायची नाही.

निकाल तीनच: ‘एकटी’, ‘देखरेखीखाली’, ‘पुन्हा’. नापास हा शब्द वापरू नका. ‘पुन्हा’ असेल तर काय चुकलं ते एका ओळीत आणि पुढची तारीख सात दिवसांच्या आत. सांगायचं बाजूला नेऊन, चारचौघांत नाही. आणि अधीक्षकांकडून एक गोष्ट लेखी घ्या: ही तपासणी गोपनीय अहवालात किंवा कंत्राटाच्या नूतनीकरणात वापरली जाणार नाही. ते पत्र नसेल तर पुढच्या महिन्यापासून सगळे ‘एकटी’च होतील. तुम्हाला कागद मिळेल, खरं काय ते कळणार नाही.

रजिस्टर आणि मुदत

वॉर्डात कागद, ऑफिसात एक्सेल, बस. ॲप-बिप करायचा उत्साह येतो, पण आमच्याकडे पावसाळ्यात नेटवर्क गच्चीवर गेल्यावरच मिळतं. प्रत्येक माणसाची एक पातळ फाईल करा. त्यात भरलेल्या चेकलिस्ट, वर एक पान सारांशाचं: मशीन व मॉडेल, सीरियल नंबर, तपासणीची तारीख, निकाल, तपासणाऱ्याचं नाव, पुढची तारीख, दोन सह्या. खाडाखोड झाली तर एक आडवी रेघ, बाजूला बरोबर आकडा आणि सही. व्हाइटनर वापरू नका. मागची तारीख टाकून सही तर मुळीच नको, कुणीही कितीही गळ घातली तरी.

मुदतीचं आमचं गणित: लाल मशीनला सहा महिने, पिवळ्याला वर्ष, हिरव्याला फक्त नव्याने रुजू होताना. पण तारखेपेक्षा कारणं महत्त्वाची. मॉडेल बदललं, बदली होऊन नवीन माणूस आलं, प्रसूती रजेचे १८० दिवस संपवून सिस्टर परतली, कंत्राटात खंड पडला, किंवा मशीनच्या वापरात चूक झाली, तर ‘ए’ आपोआप ‘दे’ होतो आणि पहिल्या आठवड्यात पुन्हा तपासणी. बायोमेडिकल कचऱ्याचं प्रशिक्षण वेगळ्या फायलीत ठेवा. २०१६ च्या नियमांप्रमाणे ते रुजू होताना आणि नंतर वर्षातून किमान एकदा लागतंच, त्याची आठवण याच एक्सेलमध्ये लावून घ्या.

मुदत संपलेल्यांची यादी महिन्याच्या पहिल्या सोमवारी काढा. एक्सेलमध्ये तारखेच्या रकान्याला रंग लावला की ते दोन मिनिटांचं काम आहे. येत नसेल तर डेटा एंट्री ऑपरेटरला विचारा, त्यांना आनंद होतो.

ड्यूटी लावताना तक्ता समोर ठेवा

या सगळ्या खटाटोपाचं फळ इथे मिळतं. रोस्टर करताना एकच नियम ठेवा: प्रत्येक शिफ्टला प्रत्येक लाल मशीनसाठी किमान एक ‘ए’ आवारात हवा. पहिल्यांदा हा नियम लावला तेव्हा महिन्यातल्या नऊ रात्री डिफिब्रिलेटरला कुणीच नव्हतं. नुसता कागद बघून हे कधी कळलं नसतं. दोन कंत्राटी सिस्टर आणि एका ब्रदरची तपासणी त्या आठवड्यात झाली आणि रात्री भरल्या. ज्यांना ‘ए’ मिळाला नाही त्यांना नाईटपासून सुटका, असा उलटा अर्थ कुणी काढू लागलं तर तिथेच थांबवा. ‘दे’ असलेल्याची नाईट ‘ए’ असलेल्याच्या सोबत लावा, सुटका देऊ नका.

‘मशीन खराब’ या तक्रारी वाचा

बायोमेडिकलकडे गेलेल्या तक्रारींचं रजिस्टर हे प्रशिक्षणाचंच दुसरं रजिस्टर आहे. इंजिनियर येतो, प्लग लावतो, मशीन चालू होतं, आणि शेऱ्यात ‘दोष आढळला नाही’ असं लिहून जातो. असा शेरा एकाच मॉडेलवर दोनदा आला की ते मशीन पुढच्या आठवड्याच्या सत्रात घ्या. सक्शन ‘ओढत नाही’ या आमच्या चार तक्रारींपैकी तीन वेळा बरणीचं झाकण नीट बसलेलं नव्हतं.

खरोखर मशीनमुळे पेशंटला इजा झाली किंवा होता होता राहिली, तर ते मशीन जसंच्या तसं बाजूला ठेवा, सेटिंग बदलू नका, नळ्या फेकू नका. लगेच लिहून काढा: काय दिसलं, कोणता अलार्म, किती वाजता. अशा घटना कळवण्यासाठी देशात मटेरिओव्हिजिलन्स (वैद्यकीय उपकरणांच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणारा) कार्यक्रम आहे, २०१५ पासून, गाझियाबादच्या फार्माकोपिया आयोगाकडे. लिहिताना कुणाची चूक हे ठरवायची घाई करू नका. एकाच बटणावर तीन माणसं चुकत असतील तर बटणाची जागाच चुकीची असू शकते.

तपासायला बाहेरचे लोक येतात तेव्हा

एनक्यूएएसचे (सरकारी रुग्णालयांसाठीच्या राष्ट्रीय गुणवत्ता मानकांचे) असेसर फक्त नोंदी वाचत नाहीत. ते निरीक्षण करतात, कर्मचाऱ्यांशी आणि पेशंटशी बोलतात. म्हणजे फाईल उघडायच्या आधी ते एखाद्या सिस्टरला म्हणतात, "हे जरा चालू करून दाखवा." फाईल आणि हात जुळले तर पुढचं सोपं जातं. आमच्याकडे आलेल्या बाईंनी तक्त्यावरचा एक रिकामा चौकोन दाखवून विचारलं, हे का राहिलं? सिस्टर म्हणाल्या, मी सोमवारी रुजू झाले, तपासणी शुक्रवारी आहे, तोवर हे मशीन मी एकटी लावत नाही. त्यांनी मान हलवली आणि पुढे गेल्या.

कुणाची बदली झाली किंवा कंत्राट संपलं की त्यांच्या फाईलची झेरॉक्स त्यांना द्या, मूळ प्रत आपल्याकडे ठेवा. गेल्या वर्षी आमची एक कंत्राटी सिस्टर यवतमाळ जिल्ह्यात गेली. झेरॉक्स घेऊन गेली, तिथल्या इन्चार्जना दाखवली. संध्याकाळी फोन आला. म्हणाली, "मॅडम, त्यांनी कागद बघितला, छान म्हणाल्या. मग म्हणाल्या, हे मॉडेल आमच्याकडे नाही, उद्या सकाळी आमच्या वॉर्मरवर करून दाखव."